मदत हवी आहे : गांधीलमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी, तपासणी कुठे आणि कधी?

इंदूर, रामबाग. मागच्या रविवारी सासरे (वय 64) उन्हाळ्यासाठी गच्चीवरचा कूलर साफ करायला गेले. गवताच्या जाळीमागे पोळं होतं, हाताला एकच डंख बसला. नेहमीप्रमाणे चुना लावला. दहा मिनिटांत तळहात खाजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला आणि जिन्यातच कोसळले. दवाखान्यात सलाइन, एव्हिल (अ‍ॅलर्जीवरचं औषध), स्टिरॉइड दिलं. अशा जोरदार अ‍ॅलर्जीत आधी द्यायचं इंजेक्शन, अ‍ॅड्रिनॅलिन, ते दिलंच नव्हतं, हे घरी कागद वाचताना कळलं.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून रक्ताचं भलंमोठं अ‍ॅलर्जी पॅनेल केलं. त्यात वांगं, शेंगदाणे, धूळ सगळं पॉझिटिव्ह आणि माशीचं नावच नाही! सासूबाईंनी वांगं बंद केलंय. बाबांना डंखापेक्षा त्याचंच दुःख जास्त.

बाबा म्हणतात मधमाशी होती, पण काटा काही सापडला नाही. नक्की कसं कळेल? बीपीसाठी ते मेटोप्रोलॉल घेतात, त्याचा काही संबंध?

प्रतिसाद : मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत अडकतो, गांधीलमाशीचा सहसा नाही. पोळं मेणाचं होतं की कागदासारखं? तपासणीची घाई नको, डंखानंतर लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. 4 ते 6 आठवड्यांनी अ‍ॅलर्जी-तज्ज्ञाकडे जा. दोन्ही माश्यांच्या विषाची आयजीई (अ‍ॅलर्जीची रक्तातली प्रतिद्रव्यं), त्वचेवरची चाचणी आणि ट्रिप्टेज (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणारं द्रव्य) विचारा. त्वचेच्या चाचणीआधी काही दिवस एव्हिल-सेट्रिझिन बंद लागतं. नक्की ठरलं तर शरीराला सवय व्हावी म्हणून त्याच विषाची वाढत्या मात्रेची इंजेक्शनं साधारण 3 ते 5 वर्षं चालतात, म्हणून विषाचा अर्क मिळतो का ते जाण्याआधी फोनवर विचारा.

मेटोप्रोलॉलने अ‍ॅड्रिनॅलिनचा असर कमी पडू शकतो, पण गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. अ‍ॅड्रिनॅलिन घरी ठेवायचं का, तेही विचारून शिकून घ्या (मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत). पुन्हा असं झालं तर आडवं झोपवा, चालवू नका, 108 लावा. आणि वांगं आजवर पचत होतं ना? मग खाऊ द्या.

धागाकर्ती : करडं, कागदासारखंच. म्हणजे गांधीलमाशीच. आज भरलं वांगं झालं. पोळं मात्र अजून कूलरमध्येच आहे, गच्चीवर कुणी जात नाहीये. आमच्याकडचा कुणी पोळं काढणारा माहीत असेल तर सांगा.