मदत हवी आहे: मुलाचा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ६.४ आलाय, अँटिबायोटिक द्यायचं का? (सोलापूर)

होटगीरोडकर: रिपोर्ट आत्ता हातात पडला. सीआरपी ६.४, पुढं लाल अक्षर. ताप नाही, खोकला नाही. वजन ५२. मग इन्फेक्शन कुठंय? लवकर सांगा.

तिखटपूड: वय? उंची? आकडा मिलिग्रॅम लिटरमागं की डेसिलिटरमागं? दहापटीचा फरक पडतो.

होटगीरोडकर: १० पूर्ण. १४१ सेंमी. लिटर. हाय सेन्सिटिव्हिटी (बारीक वाढही पकडणारी तपासणी) लिहिलंय. उंचीचा काय संबंध?

तिखटपूड: तिथंच तर सगळं आहे. ५२ भागिले १.४१ चा वर्ग, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २६. मोठ्यांचा तक्ता लावू नका, आयएपीचा (भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०१५चा मुलांचा बघा. सरळ लठ्ठपणात जातो. फुगलेल्या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी जमतात, आयएल-६ हा सुजेचा संदेश देणारा पदार्थ सोडतात, त्यावर यकृत सीआरपी बनवतं. जंतू नसताना धुमसणारी सूज ही, अँटिबायोटिकनं उतरत नाही. पंधरवड्यात सर्दी, गळू, हिरडी सुजणं असलं काही? असेल तर हा आकडा धरू नका, २-३ आठवड्यांनी परत तपासा.

चादरवाला: कोमट पाणी, लिंबू, दोन चमचे मध. उपाशीपोटी. चरबी वितळते.

तिखटपूड: मध म्हणजे साखरच. चाळीसेक कॅलरी वाढल्या, वितळलं काही नाही.

सातरस्ता: मानेमागं बघा की. काळपट, मखमलीसारखी जाड कातडी? कंबरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. उंचीच्या निम्म्यात हवी, म्हणजे ७० च्या आसपास.

होटगीरोडकर: ८३. मान काळी आहे, आजी रोज वजरीनं घासते.

सातरस्ता: वजरी ठेवून द्या. मळ नाही तो, इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), एसजीपीटी (यकृताची तपासणी), लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या. रक्तदाब घेताना दंडाच्या मापाचा पट्टा मागा, लहान पट्टा दाब उगाच जास्त दाखवतो.

चादरवाला: थायरॉइड असणार.

सातरस्ता: त्यात उंची खुंटते. १४१ खुंटलेली नाही.

भाकरीप्रेमी: शेंगाचटणी बंद करा आधी!

तिखटपूड: चमचाभर चटणीनं काही बिघडत नाही. बाटलीतली पेयं, बिस्किटं, फरसाण काढा. उपाशी मात्र ठेवू नका. ५२ वरच राहून उंची ६ सेंमी वाढली तरी बीएमआय २४ वर येतो. रोज तासभर पळू द्या. आपल्याकडच्या उन्हात सकाळी ८ च्या आत.