मदत हवी आहे: बर्ड फ्लूच्या लशीत एनपी (विषाणूच्या आतलं एक प्रथिन) घातलं तर डिवाचं, म्हणजे लस दिलेली आणि खरा संसर्ग झालेली कोंबडी वेगळी ओळखण्याचं, काय?

नमस्कार मंडळी,

पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकतोय. कोंबड्यांसाठी अनेक क्लेडना (विषाणूच्या उपशाखांना) पुरून उरेल अशी एच५ (बर्ड फ्लूचा एक प्रकार) लस, हा सेमिनारचा विषय. एका जागी गाडं अडलंय.

नेहमीच्या निष्क्रिय लशींची सगळी भिस्त हिमॅग्लुटिनिनच्या (विषाणूच्या पृष्ठभागावरचं, पेशीला चिकटणारं प्रथिन; नावातला 'एच' तोच) डोक्यावर, म्हणजे वरच्या टोकावर, आणि विषाणू बदलतो तो नेमका तिथेच. मेक्सिकोत १९९५ पासून एच५एन२ची लस दिली गेली. पुढे तिथले विषाणू लशीतल्या विषाणूपासून इतके दूर गेले की लस टोचलेल्या कोंबड्याही ते बाहेर टाकत राहिल्या. अनेक स्ट्रेनचे क्रम एकत्र करून रचलेलं 'कोब्रा' हिमॅग्लुटिनिन जास्त पल्ला गाठतं, पण तेही हिमॅग्लुटिनिनच. म्हणून फारसं न बदलणारं एनपी प्रथिन सोबत घालावं, म्हणजे टी पेशीही कामाला लागतील, असा विचार आहे.

अडचण अशी: एचव्हीटी-एच५ (टर्कीच्या हर्पीस विषाणूवर बसवलेल्या) लशीत फ्लूचं फक्त हिमॅग्लुटिनिन असतं. त्यामुळे रक्तात एनपीची प्रतिपिंडं दिसली की कोंबडीला खरा संसर्ग झालाय हे कळतं. एनपी लशीतच घातलं तर हा फरक ओळखायचा कसा? डिवा नसेल तर निर्यातवाले लशीला हातही लावणार नाहीत.

दुसरं, हिमॅग्लुटिनिनचा देठ, म्हणजे डोक्याखालचा भाग, कमी बदलतो; पण देठाविरुद्धची प्रतिपिंडं एचआय चाचणीत (ती डोक्याला अडवणारी प्रतिपिंडंच दाखवते) दिसतच नाहीत. मग मोजायची कशी?

प्रतिसाद १

डिवा एनएवर (न्यूरामिनिडेज, पृष्ठभागावरचं दुसरं प्रथिन; नावातला 'एन' तोच) न्या. इटलीत एच७एन१च्या साथीत एच७एन३ची लस वापरून एन१ची प्रतिपिंडं शोधली होती. तुमच्या लशीत एनए नाहीच, म्हणजे काम आणखी सोपं. मात्र फिरतोय तो एन कोणता हे माहीत हवं. पक्ष्यांत नऊ प्रकार आहेत. एम२ई (विषाणूच्या एम२ प्रथिनाचा बाहेरचा तुकडा) एलायझाही (प्रतिपिंडं मोजण्याची प्लेटवरची चाचणी) चालेल, फक्त मग एम२ई लशीत नको. आणि नुसत्या रक्तावर विसंबू नका. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस दिली, तेव्हा मेलेल्या पक्ष्यांचे स्वॅब पीसीआरला पाठवणंही सोबत ठेवलं.

खरं सांगू, मी एनपीच्या मोहात पडलो नसतो. टी पेशी पेशीत शिरलेल्या विषाणूवर चालतात, शिरण्याआधी नाही, आणि जहाल एच५एन१ कोंबडीला दोन-तीन दिवसांत संपवतो. हिमॅग्लुटिनिन जुळतं ठेवण्याला पर्याय नाही.

देठासाठी एलायझा करा: डोकं दुसऱ्या सबटाइपचं, देठ एच५चा, असं संकरित प्रथिन प्लेटवर लावायचं. पण एच५ गट १ मध्ये येतो आणि एच७ गट २ मध्ये, त्यामुळे तो देठ एच७ला झाकेल असं गृहीत धरू नका.

धागाकर्ता

धन्यवाद सर! एनएचं पटलं. चॅलेंजमध्ये (लशीनंतर मुद्दाम विषाणू देऊन केलेल्या चाचणीत) कोंबडी जगली एवढ्यावर लस चालली म्हणता येईल का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. घसा आणि क्लोअका (विष्ठाद्वार), दोन्हींचे स्वॅब घ्या. शिवाय लस न दिलेल्या कोंबड्या त्याच पिंजऱ्यात सोडा. त्यांना लागण झाली तर लशीने फक्त लक्षणं झाकली, आणि अशा कळपात रोग कुणाच्या नजरेस न पडता फिरत राहतो.