पहिली-दुसरीच्या लेकरांना ढकलणं-ओढणं कसं शिकवू?

वर्धाकाठची:
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते, पहिली-दुसरी एकत्र बसते. पुस्तकातली चित्रं दाखवली की मुलं पटापट सांगतात, हे ढकलणं, हे ओढणं. पण शाळेच्या हापशीवर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण हापशी ढकलतो का ओढतो?" आणि वर्गात दोन तट पडले. साहित्य विकत आणणं जमणार नाही. गावात आहे त्यातूनच काही सुचवा.

कपाशीवाला:
ताई, पोरीनं लाख मोलाचं विचारलं. वस्तूचं नाव घेऊन उत्तर शोधू नका, जोर कुठं चालला ते मुलांना बघायला लावा. आपल्यापासून दूर चालला तर ढकलणं, आपल्याकडे येत असला तर ओढणं. हापशीचा दांडा आपण खाली दाबतो, म्हणजे ढकलतो. पण आत साखळीला सळई लटकलेली असते आणि ती साखळी सळईला वर ओढते. दोन्ही तट बरोबर! मिस्त्री दुरुस्तीला आला आणि वरचं झाकण उघडलं, की वर्ग तिथंच न्या.

जुने गुरुजी:
तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आपल्याकडे घरोघरी असतात, तेच आणायला सांगा. चाकांचा नंदी दोरीनं ओढू द्या, मग मागून हातानं ढकलू द्या. त्यानंतर म्हणा, आता दोरीनंच ढकलून दाखवा. दोरी ढिली पडते, नंदी जागचा हलत नाही. दोरीनं फक्त ओढता येतं, हे लेकरू मग विसरत नाही. पाठीवर तुरीची पुरचुंडी बांधली की जोर जास्त लागतो. सिमेंटच्या रस्त्यावर सरसर जाणारा नंदी रेतीत अडतो, तेही करून घ्या. पळता नंदी हातानं थांबवायला लावा, कारण थांबवायलाही जोरच लागतो. हे बहुतेक वेळा शिकवायचं राहून जातं.

दुसरीच्यांना मात्र खरी बंडी दाखवाच. बैल बंडी ओढतो असं आपण म्हणतो. जवळ जाऊन बघा, जू वशिंडाच्या पुढं मानेवर असतं. बैल पुढं निघाला की वशिंड जुवाला मागून रेटतं, आणि जुवाला बांधलेली बंडी ओढली जाते. मुलांना हे दिसलं की त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप करावा. फक्त बंडी उभी असताना, धन्याला सोबत घेऊन दाखवा. चाकाजवळ कोणी नको.

पोरांची आई:
माझा लेक भिंत ढकलून म्हणतो, हलली नाही म्हणजे जोर लागलाच नाही. याचं काय करावं?

जुने गुरुजी:
ताई, ढकलताना त्याचा दुसरा हात त्याच्याच दंडावर ठेवायला लावा. दंड कडक झालेला त्याला कळेल. जोर लागला, पण भिंत हलण्याइतका नव्हता.

वर्धाकाठची:
गुरुजी, दादा, मनापासून आभार. चुंबकही याच आठवड्यात घेऊ का?

कपाशीवाला:
नको ताई. चुंबक न शिवता ओढतो, लहान्यांचा गोंधळ उडेल. आधी हाताचा जोर नीट कळू द्या, चुंबक पुढच्या महिन्यात.

वर्धाकाठची:
बरं. सोमवारी नंदी आणायला सांगते. ज्यांच्याकडे नाही त्यांना जोडीत घेईन. बंडीसाठी शेजारच्या काकांना विचारलंय, ते शुक्रवारी येतो म्हणाले.