मदत हवी आहे: क्वालालंपूरहून क्वाला सेलांगोर, एका दिवसात काय काय जमेल?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबा क्वालालंपूरला येतायत. पेट्रोनास टॉवर आणि बाटू केव्हज होतीलच, पण एक दिवस कॅमेरा घेऊन क्वाला सेलांगोरला जायचा विचार आहे.

मुद्दाम अमावस्येच्या आसपासचा दिवस धरलाय. स्काय मिरर म्हणजे समुद्रातला, आरशासारखं प्रतिबिंब दाखवणारा वाळूचा पट्टा; तो मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या. आणि नदीकाठच्या कांपुंग क्वांतान गावातले काजवे अंधारातच खुलतात, म्हणून पौर्णिमा बाद. मधल्या वेळेत बुकित मलावाती टेकडीवर रुपेरी माकडं. त्यांची पिल्लं चक्क केशरी असतात, आईच्या राखाडी अंगाला बिलगलेलं पिल्लू टिपायचंच आहे. सेकिंचानची भातशेती वेळ उरला तर. (आई म्हणते, भातखाचरं बघायला मलेशिया कशाला, कोकण काय वाईट आहे?)

आता अडचण. बाबांचे गुडघे दुखतात. स्काय मिररच्या बोटीतून उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो का, आणि शिडी कितपत उंच असते? काजव्यांच्या होडीत फ्लॅश मारायचा नाही हे माहीत आहे, पण हलत्या होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. धक्क्यावरून लाँग एक्सपोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो) कुणी घेतलंय का? काजवे बसतात ती झाडं तिथून दिसतात तरी का?

गाडी नाही. जाताना ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) मिळेल, पण रात्री परतताना? की दिवसभराचा ड्रायव्हरच ठरवावा? अलीकडे कुणी गेलं असेल तर साधारण किती रिंगिट पडले तेही सांगा.