युके स्पाउस व्हिसा, पगार २९ हजाराला कमी पडतोय

मी लेस्टरला, आयएलआर (युकेत कायम राहायची परवानगी) आहे, बायको पुण्यात. पगार वर्षाला २७,००० पाउंड, लागतो २९,०००. तिचा तिकडचा पगार धरतात का?

> नाही हो, ती तिकडून अर्ज करतेय तर तिथला पगार धरत नाहीत. पण सेव्हिंग जोडता येतं, कमी पडणारे २,००० गुणिले अडीच म्हणजे ५,००० आणि वर १६,००० असे २१,००० पाउंड, तेही सहा महिने खात्यात पडून हवेत.

> आमच्या वेळी १८,६०० होते, एप्रिल २०२४ ला वाढवले, सुटलो बाबा! पगाराच्या स्लिपा न् बँक स्टेटमेंट नीट जुळवून बघ.

बाबांनी पैसे दिले तर?

> चालतील, उसने नकोत. सहा महिने तुझ्या नाहीतर बायकोच्या नावावर पाहिजेत.