मदत हवी आहे: भावाचं 4 दिवसांचं बाळ, आजच हलवायचंय, पुणे की मुंबई?

शाहूपुरीकर
सोमवारी भावाला मुलगा झाला. काल अंग निळं पडलं म्हणून काचेत ठेवलंय. हृदयात दोष आहे, इथं कोल्हापुरात ऑपरेशन होणार नाही, आजच हलवा म्हणतात. पुण्याला न्यावं की मुंबईला? भाऊ सेंट्रिंगच्या कामावर जातो, पैसे नाहीत. केशरी कार्ड आहे, पण त्यात बाळाचं नाव कुठून असणार? लवकर सांगा.

कळंब्याची माई
घाबरू नकोस बाळा. आमच्या नातीच्या पण काळजाला भोक होतं. दोन वर्षांत आपोआप बुजलं. ऑपरेशनची लई घाई करू नका.

काचेतली सिस्टर
माई, आधी दोष कोणता ते कळू दे. दादा, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर शेवटी काय लिहिलंय? रक्तातला ऑक्सिजन किती? सलाईनमधून कसलं औषध चालू आहे?

पेठेतला
लग्न नात्यात झालंय का? मामाची पोरगी केली की असं होतं.

शाहूपुरीकर
नात्यातलं नाही. आणि असतं तरी आत्ता त्याचं काय करू? कागदावर टीजीए आहे. ऑक्सिजन 68. औषधाचं नाव माहीत नाही.

काचेतली सिस्टर
मग थांबून चालणारच नाही. टीजीएत हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच जातं, अंगात अशुद्ध फिरत राहतं. पोटात असतानाची एक नळी उघडी असते, तिच्यातून थोडं मिसळतं म्हणून बाळ तगून आहे. ती काही दिवसांत मिटते. माईंच्या नातीचं भोक बुजलं ते बरं झालं, इथं वाट बुजली तर बाळ जाईल. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन देतात, तेच चालू आहे का विचारा. वाटेत ते बंद पडता कामा नये. त्यानं बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो, म्हणून गाडीत व्हेंटिलेटर आणि डॉक्टर हवेतच. ऑपरेशन बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात.

उचगाव फाटा
पुणंच. सव्वादोनशे किलोमीटर. मुंबईला अजून दीडशे कशाला?

दादरचा कोल्हापूरकर
अंतर बघू नका. परळला वाडिया हॉस्पिटल मुलांचंच आहे. खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटलात मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं.

उचगाव फाटा
कराडला रस्त्याच्या कामात अडकून बघा, मग सांगा अंतर बघू नका म्हणून.

काचेतली सिस्टर
भांडू नका. इथल्या डॉक्टरांनाच दोन्हीकडे फोन लावू दे. टीजीए आहे, बेड आणि सर्जन आज आहे का, एवढंच विचारायचं. जो 'आणा' म्हणेल तिथं जायचं.

राशन दुकान
सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बाळाचं नाव कार्डावर नसलं तरी अडत नाही. जन्माचा दाखला, आई किंवा वडिलांबरोबर बाळाचा फोटो आणि त्यांचं कार्ड न्या. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, गेल्या गेल्या त्याला गाठा.

शाहूपुरीकर
औषध तेच आहे. पुण्यात बेड मिळाला, साडेपाचला गाडी निघतेय. वहिनीचं सिझर झालंय, तिला नेऊ की इथंच ठेवू? ती ऐकत नाही.

कळंब्याची माई
तिच्या डॉक्टरला विचार, आणि हो म्हणाले तर मागच्या गाडीत झोपवून ने. दूध काढून ठेवायला सांग. मघाशी मी थांबा म्हणाले, चुकलंच माझं. मला वाटलं आमच्यासारखंच असेल.

शाहूपुरीकर
निघालो.