शब्दचर्चा: 'वाचाघात' म्हणायचं की 'वाचा गेली'?

अफेजियाला, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्याला, मराठीत वाचाघात म्हणतात, पक्षाघातच्या चालीवर केलेला शब्द. आमच्याकडे हर्णैला मात्र अंगावरून वारं गेलं की लगेच "वाचा गेली" म्हणून मोकळे होतात आणि ते मला खूप खटकतं, कारण बाबांना डाव्या मेंदूत स्ट्रोक आला तेव्हा वाचा गेली नव्हती हो, गेले होते प्रत्यय. "होडी... पाणी... दोरी बांध", म्हणजे होडी पाण्यात आहे, दोरीने बांध. शब्द शाबूत, -त आणि -ने गायब. याला अ‍ॅग्रामॅटिझम म्हणतात, डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की बरेचदा दिसतो, त्याच भागातलं ते ब्रोकाचं क्षेत्र (ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये पॅरिसला तपासलेला पेशंट तर फक्त 'तां' एवढंच बोलायचा).

आता खरा मुद्दा सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्याचा. 'पाण्यात' मधला -त गळला तर उरायला हवं 'पाण्या', पण बाबा एकदाही 'पाण्या' म्हणाले नाहीत, थेट 'पाणी'. हिब्रूतही असंच काहीसं सापडलंय, तिथे नुसती व्यंजनं असलेला धातू उच्चारताच येत नाही म्हणून पेशंट प्रत्यय गाळत नाहीत, चुकीचं पण पूर्ण रूप बोलतात. म्हणजे प्रत्यय हरवलेला असा मेंदूसुद्धा जे रूप एकटं बोललंच जात नाही ते सहसा तोंडात येऊ देत नाही! मला हे वाचून रडूच आलं.

– – –

ताई, आमच्या आत्याचं वेगळं होतं, तिचे प्रत्यय नीट होते पण नावं सापडायची नाहीत. सोलकढीला 'ताककढी' आणि देवघराला 'देवखोली' म्हणायची. जोडशब्द चुकला तरी जागेवर जोडशब्दच यायचा, दुसऱ्या भाषांतल्या पेशंटमध्येही हे दिसलंय, म्हणजे शब्द आठवत नसला तरी तो दोन तुकड्यांचा आहे हे मेंदूला ठाऊक असतं. म्हणून 'वाचाघात'च बरोबर, घात झालाय, सगळं गेलेलं नाही. बाबा कसे आहेत आता?

– – –

रोज सराव घेतोय. परवा ओटीवर बसून 'होडीत' म्हणाले, अगदी स्पष्ट. तिथे होडीची होडीच राहते ना, रूप बदलत नाही, म्हणून आधी जमलं असेल असं मला वाटतं. 'पाण्यात' अजून नाही.